पुनर्वापराचे जल आणि प्रतिजैविक-प्रतिरोध : उदकदुष्टीचा एक नवा प्रकार

विषयप्रवेश

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय 'जनपदोद्ध्वंसनीय' या नावाने आपणा सर्वांस परिचित आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरीत, गंगेच्या तीरी, भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की मनुष्यांच्या प्रकृती, आहार, बल, सात्म्य व वय भिन्न असूनही एकाच वेळी अनेकांना एकच व्याधी होतो. त्यांना समान असणारे वायू, उदक, देश व काल हे चार भाव दुष्ट झालेले असतात, हे त्याचे कारण होय. या चौघांमध्ये उत्तरोत्तर भाव टाळण्यास अधिक कठीण मानला आहे. त्या क्रमाने उदक हे वायूपेक्षा दुष्परिहार्य ठरते.

आज आपल्या नगरांमध्ये उदकाचा एक नवीन प्रकार रूढ होत आहे. वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरावयाचे, ही ती व्यवस्था. मोठ्या गृहसंकुलांत स्नानगृह व शौचालयातील पाणी प्रक्रिया होऊन शौचालयातच व बागेत परत येते. नागपूर येथे भांडेवाडी केंद्रातील प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रास पुरविले जाते. पुण्यात मुंढवा येथील जॅकवेलमधून असे पाणी कालव्यात सोडून शेतीस दिले जाते. कर्नाटकात २०१८ पासून बंगळुरूचे प्रक्रिया केलेले पाणी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडण्यात येते व त्यायोगे तेथील भूजलाची पातळी वाढविली जाते. पाण्याच्या टंचाईने त्रस्त असलेल्या प्रदेशास पुनर्वापराविना गत्यंतर नाही, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा उद्देश पुनर्वापरास विरोध करण्याचा नाही.

प्रश्न असा आहे की, या चक्रात आपण जे जे सोडतो त्यांपैकी काय काय आपल्याकडे परत येते? प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू आणि त्या गुणाचे वाहक असणारे सूक्ष्म जनुकांश हे या परत येणाऱ्या गोष्टींपैकी सर्वांत चिंताजनक होत. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे झाले, तर ४९.५ लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता. हा विषय केवळ अभियंत्यांचा व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचा आहे असे मानून वैद्याने दूर राहणे योग्य नव्हे. या चक्राचे एक टोक आपल्या चिकित्सालयातील चिठ्ठीला जोडलेले आहे.

संहितोक्त उदकविचार आणि त्याची मर्यादा

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील द्रवद्रव्यविधी अध्यायात दुष्ट जलाचे दोष स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य व विपाक असे सहा प्रकारे सांगितले आहेत. असे जल शुद्ध करण्यासाठी ते उकळणे, उन्हात तापविणे, तसेच तापविलेला लोखंडाचा गोळा, वाळू वा मातीचे ढेकूळ त्यात विझविणे हे उपाय सांगितले. गढूळ जल निवळविण्यासाठी कतक म्हणजे निवळीचे बी, गोमेद, कमळाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती व मणी अशी सात द्रव्ये सांगितली. निवळीच्या बियांतील द्रव्य पाण्यातील सूक्ष्म कणांना एकत्र आणून खाली बसविते, ही गोष्ट आधुनिक प्रयोगांनीही सिद्ध झाली आहे. नगरपालिकेच्या केंद्रात तुरटीचे जे कार्य आहे, तेच हे होय.

चरकांनीही जनपदोद्ध्वंसाच्या प्रसंगी दुष्ट उदकाची लक्षणे सांगताना विकृत गंध, वर्ण, रस व स्पर्श, क्लेदाचे आधिक्य, जलचर पक्ष्यांनी सोडून जाणे व जलचर प्राण्यांचे क्षीण होणे यांचा निर्देश केला आहे. ही लक्षणे आजही उपयुक्त आहेत. ज्या जलाशयातून मासे व पक्षी नाहीसे झाले, त्याच्याविषयी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तथापि प्रतिरोधाची दुष्टी यांपैकी कोणत्याही लक्षणाने प्रकट होत नाही. निर्गंध, निर्वर्ण व स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही ती असू शकते. प्राचीनांना जनुकांचे ज्ञान होते असे म्हणण्याचा अट्टहास आपण करू नये. त्यांच्याकडून घ्यावयाची गोष्ट वेगळीच आहे. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले अंग आहे, ही ती शिकवण. पुढील विवेचनात तिची प्रचीती वारंवार येईल.

प्रतिरोध कसा निर्माण होतो व कसा पसरतो

जिवाणूंच्या प्रचंड संख्येत काही जिवाणू उपजतच एखाद्या औषधास दाद न देणारे असतात. औषधाच्या संपर्काने इतर मरतात व हे उरतात. मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. यास निवड असे म्हणतात. १९४५ साली नोबेल पुरस्कार स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या अपुऱ्या मात्रेमुळे असे घडेल, अशी सूचना देऊन ठेवली होती.

एवढेच असते तर प्रतिरोध एका जिवाणूच्या वंशापुरता मर्यादित राहिला असता. परंतु जिवाणू आपले जनुकांश शेजाऱ्यास देऊ शकतात, आणि तो शेजारी भिन्न जातीचाही असू शकतो. हे तीन मार्गांनी घडते.

१) दोन जिवाणू परस्परांना जोडले जाऊन प्लाझ्मिड नावाचे गोलाकार जनुकवलय एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

२) जिवाणूंवर जगणारे विषाणू, म्हणजे फाज, जनुकांश वाहून नेतात.

३) मृत जिवाणूच्या शरीरातून बाहेर पडलेला मोकळा डी.एन.ए. जिवंत जिवाणू शोषून घेतो.

पाण्याच्या शुद्धीकरणाच्या दृष्टीने तिसरा मार्ग विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. जिवाणू मेला म्हणजे त्याचा गुण नष्ट झाला, असे येथे होत नाही.

या निवडीस औषधाची मोठी मात्रा लागते, असा पूर्वी समज होता. जिवाणूंची वाढ थांबविण्यास जेवढी मात्रा लागते, तिच्या कितीतरी खालच्या प्रमाणातही, काही औषधांच्या बाबतीत शंभराव्या भागाहूनही कमी प्रमाणात, प्रतिरोधी जिवाणूंना लाभ मिळतो, हे २०११ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले. सांडपाण्यात आढळणारे अवशेष याच टप्प्यातील असतात.

रसशास्त्राच्या अभ्यासकांनी आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. प्रतिजैविक नसतानाही प्रतिरोध पोसला जाऊ शकतो. टी-एन २१ नावाच्या फिरत्या जनुकांशावर पारदाचा प्रतिकार करणारी जनुके व प्रतिजैविकांचा प्रतिकार करणारी जनुके एकत्र नांदतात. पाण्यात पारद असेल तर त्याचा प्रतिकार करणारा जिवाणू टिकतो आणि त्याच्या सोबतीने प्रतिजैविकाचा प्रतिरोधही टिकतो. ताम्र, यशद व रजत यांच्या बाबतीतही अशी सहनिवड घडते. फरशी पुसण्याच्या काही जंतुनाशकांतील चतुष्क अमोनियम संयुगांचेही तसेच आहे. जिवाणूचे काही उत्सर्जक पंप ही संयुगे व काही प्रतिजैविके अशी दोन्ही बाहेर टाकतात. म्हणून रसशाळेतील खल, मुसा व भांडी यांचे धातुयुक्त धुवण गटारात सोडणे हे केवळ विषारीपणाच्याच दृष्टीने अयोग्य आहे असे नाही.

सांडपाणी हे प्रतिरोधाचे संगमस्थान

आपण दिलेले प्रतिजैविक शरीरात सर्वस्वी पचून जात नाही. अमॉक्सिसिलिनच्या मात्रेचा निम्म्याहून अधिक भाग मूत्रावाटे मूळ स्वरूपातच बाहेर पडतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचाही मोठा अंश मूत्र व मल यांतून तसाच जातो. याखेरीज रुग्णाच्या आंत्रातील, औषधानंतर उरलेले प्रतिरोधी जिवाणूही मलासह बाहेर पडतात. घरे, रुग्णालये, कत्तलखाने व काही ठिकाणी औषधांचे कारखाने या सर्वांचे स्राव एका वाहिनीत एकत्र येतात. प्रक्रिया केंद्राच्या वायुमिश्रण टाकीत जिवाणूंची दाटी, भरपूर अन्न, ऊब व औषधांचे अल्प अवशेष एकाच जागी असतात. जनुकांच्या देवघेवीस याहून अनुकूल क्षेत्र क्वचितच सापडेल.

या संदर्भात भारतातील दोन अभ्यास प्रसिद्ध आहेत. पहिला हैदराबादजवळील पाटणचेरू येथील होय. सुमारे ९० औषध-उत्पादकांचे सांडपाणी घेणाऱ्या तेथील सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात जी पातळी साधते, तिच्यापेक्षाही हे प्रमाण अधिक आहे. आणि हे पाणी 'प्रक्रिया केलेले' होते.

दुसरा अभ्यास दिल्लीचा. कार्बापेनेम गटातील औषधे निष्प्रभ करणारे एन.डी.एम.-१ जनुक दिल्लीतील साचलेल्या व झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत आणि पिण्याच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत आढळले. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या जनुकाच्या नावात आपल्या राजधानीचे नाव घातल्याबद्दल तेव्हा बराच वाद झाला. नावाचा वाद बाजूस ठेवला तरी रुग्णालयातील व्याधीचे बीज रस्त्याकडेच्या पाण्यात पोहोचले होते, ही वस्तुस्थिती उरते.

येथे एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. या दोषांचे खापर पुनर्वापरावर फोडू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या नागरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते व त्यांपैकी २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. उरलेले पाणी नदीत जाते आणि पुढील गाव तेच उचलते. हाही पुनर्वापरच होय; फक्त तो नियोजनाविना व शुद्धीकरणाविना होतो. नियोजित पुनर्वापर हा त्याहून निश्चितच श्रेयस्कर आहे. तो अधिक निर्दोष कसा करावा, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

शुद्धीकरणाचे टप्पे : कोण काय करतो

प्रथम एक गणित पाहू. १०० मिलिलिटर पाण्यात एक कोटी मलजन्य जिवाणू आहेत आणि प्रक्रियेने त्यांपैकी ९९.९९ टक्के नष्ट झाले, असे समजा. तरीही १,००० उरतात. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत मलजन्य कोलिफॉर्मची मर्यादा याच आकड्याच्या खाली ठेवलेली आहे. त्या उरलेल्यांपैकी किती प्रतिरोधी आहेत, याची विचारणा या मानकात नाही. संख्या मोजली जाते, गुण मोजला जात नाही. ही आपल्या परीक्षणपद्धतीतील उणीव होय.

आता प्रत्येक टप्प्याचे बलाबल पाहू.

१) जैविक प्रक्रिया : वायुमिश्रित टाकीतील प्रक्रियेने जिवाणूंची एकूण संख्या पुष्कळ घटते. प्रतिरोधक जनुकांची संख्याही साधारणतः घटते. परंतु त्यांतील मोठा भाग गाळात जाऊन बसतो. म्हणून गाळाची व्यवस्था हा शुद्धीकरणाचाच भाग समजला पाहिजे. ओला गाळ तसाच बागेत खत म्हणून पसरणे अनुचित आहे. उच्च तापमानावर पाचन केल्याने अथवा नीट तापलेल्या ढिगात कुजविल्याने त्यातील दोष कमी होतो.

२) निवळण व गाळण : तुरटी वा लोहक्षारांनी सूक्ष्म कण खाली बसविल्यास जिवाणू व काही प्रमाणात जनुकेही वेगळी होतात. सूक्ष्मपटलाने गाळल्यास जिवाणू उत्तम प्रकारे अडतात, मोकळा डी.एन.ए. मात्र अंशतः निसटतो.

३) क्लोरीन : स्वस्त, सुलभ व परिचित. जिवाणू मारण्यास समर्थ. परंतु नेहमीच्या मात्रेत जनुकांचा पूर्ण नाश होत नाही. पाण्यात अमोनिया शिल्लक असल्यास क्लोरीनचे क्लोरामाइन बनते आणि त्याची शक्ती मंद होते. म्हणून आधीची जैविक प्रक्रिया सदोष असताना क्लोरीन वाढवून काम भागत नाही. मूळ दोष तसाच ठेवून केवळ लक्षण दडपण्याचाच हा प्रकार होय.

४) अतिनील किरण : येथील आकडे बोधप्रद आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रतिरोधी जिवाणूंची संख्या दहा हजारांश ते लक्षांश करण्यास प्रति चौरस सेंटीमीटर १० ते २० मिलिज्यूल मात्रा पुरली. त्यांच्यातील जनुकांची संख्या सहस्रांश ते दशसहस्रांश करण्यास २०० ते ४०० मिलिज्यूल लागले. म्हणजे जिवाणू मारण्यासाठी पुरेसा असलेला दिवा जनुक मोडण्यास पुरेसा ठरत नाही. पाणी गढूळ असेल तर किरण आत पोहोचतच नाहीत, हे वेगळेच.

५) ओझोन : प्रतिजैविकांचे अवशेष मोडण्यात प्रभावी. यानंतर सक्रिय कोळशाचा थर ठेवल्यास उरलेली द्रव्ये शोषली जातात.

६) आर. ओ. : पटलांमध्ये सर्वांत सूक्ष्म. जिवाणू, जनुके व औषधांचे अवशेष बहुतांशी अडविते. मात्र अडविलेले सर्व संहत पाण्यात गोळा होते. ते पुन्हा गटारात सोडल्यास केलेले काम उलटते.

यावरून दिसून येईल की एकही टप्पा एकाकी समर्थ नाही. अनेक अडथळ्यांची मालिका हाच मार्ग आहे. सिंगापूरमध्ये २००३ पासून सूक्ष्मपटल, आर. ओ. व अतिनील किरण या क्रमाने पाणी शुद्ध केले जाते. नामिबियाची राजधानी विंडहोक येथे १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळले जाते. तेथील यंत्रणेत ओझोन, निवळण, वाळूचे गाळण, सक्रिय कोळसा, सूक्ष्मपटल व क्लोरीन अशी दीर्घ मालिका आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे विंडहोकने कारखान्यांचे सांडपाणी घरगुती सांडपाण्यात मिसळू दिलेले नाही. त्याची वाहिनीच स्वतंत्र आहे. प्रगत यंत्रे उभारण्याबरोबरच त्यांनी हेतूचे वर्जन केले.

केंद्रापासून नळापर्यंत : विसरलेला मार्ग

केंद्रातून बाहेर पडलेले पाणी शुद्ध आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील संशोधकांनी २०१३ मध्ये पुनर्वापराच्या वाहिन्यांचा अभ्यास केला, तेव्हा वापराच्या ठिकाणच्या पाण्यात व नळाच्या आतील थरांत प्रतिरोधक जनुके आढळली. कारण समजण्यास सोपे आहे. पुनर्वापराच्या पाण्यात सेंद्रिय द्रव्य पिण्याच्या पाण्यापेक्षा अधिक राहते. त्यामुळे क्लोरीन लवकर संपतो. वाहिनीत पाणी दीर्घकाळ उभे राहिले की नळाच्या आतील भिंतीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. बायोफिल्म म्हणतात तो हाच. त्या थरात जिवाणू परस्परांस चिकटून राहतात, जनुकांची देवघेव सुलभ होते व जंतुनाशक आतवर पोहोचत नाही.

गृहसंकुलांच्या लहान केंद्रांत हा दोष अधिक संभवतो. वीजखर्च वाचविण्यासाठी रात्री वायुमिश्रण बंद ठेवणे, क्लोरीनची मात्रा अंदाजाने टाकणे व गच्चीवरील टाकी वर्षानुवर्षे न धुणे या गोष्टी अनेक ठिकाणी घडतात. वैद्य हा आपल्या संकुलात आरोग्यविषयक सल्ल्यासाठी विश्वासाचा मनुष्य असतो. त्याने व्यवस्थापन समितीस पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

१) शौचालयाच्या टाकीपर्यंत पोहोचलेल्या पाण्यात क्लोरीनचा अंश उरतो काय? तो केवळ केंद्रात मोजला जातो, की शेवटच्या मजल्यावरही?

२) पुनर्वापराची वाहिनी वेगळ्या रंगाची आहे काय? पिण्याच्या वाहिनीशी ती कोठेही जोडलेली नाही, याची तपासणी झाली आहे काय? दुरुस्तीच्या वेळी झालेली चुकीची जोडणी हा सर्वांत घातक अपघात होय.

३) दोन्ही टाक्या केव्हा धुतल्या? वापरात नसलेल्या वाहिनीच्या टोकांतील साचलेले पाणी वेळोवेळी सोडले जाते काय?

४) गाळ कोण उचलतो व तो कोठे जातो?

५) बागेस तुषारांनी पाणी देतात काय? मुले खेळत असताना तुषार सोडू नयेत. त्याऐवजी ठिबक वा मुळाशी पाणी देणे उत्तम.

शेती, भाजी व वनौषधी

पुनर्वापराच्या पाण्याचा मोठा ग्राहक शेती हा आहे. याविषयी अतिरेकी भीती बाळगू नये. इस्रायलमध्ये दीर्घकाळ अशा पाण्यावर भिजलेल्या शेतजमिनींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोड्या पाण्यावरील जमिनीपेक्षा प्रतिरोधी जिवाणूंचे प्रमाण बहुतांशी अधिक आढळले नाही. बाहेरून आलेले जिवाणू मातीत टिकाव धरू शकले नाहीत, असा त्याचा अर्थ लावला गेला. निरोगी मृत्तिका हा स्वतःच एक अडथळा आहे. मात्र तेथील पाणी शास्त्रशुद्ध रीतीने प्रक्रिया केलेले असते, हे विसरून कच्च्या सांडपाण्यास हा निष्कर्ष लावणे चूक ठरेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत केंद्रानंतरच्या अडथळ्यांचेही मोजमाप दिलेले आहे. जमिनीलगतच्या पिकास ठिबकने पाणी दिल्यास जंतुभार शतांश होतो, उंच पिकास दशसहस्रांश. शेवटचे पाणी व काढणी यांत अंतर ठेवल्यास दररोज आणखी घट होते. भाजी धुतल्याने दशांश, साल काढल्याने शतांश, आणि शिजविल्याने दशलक्षांश वा त्याहूनही कमी उरतो. हे आकडे रोगजंतूंविषयीचे आहेत. प्रतिरोधी जिवाणूही अखेर जिवाणूच असल्याने हे अडथळे त्यांनाही लागू पडतात. कोथिंबीर, पुदिना, काकडी व मुळा यांसारखे कच्चे खाल्ले जाणारे पदार्थ अशा पाण्यावर न पिकविणे व शिजवून खाण्याची पिके घेणे, ही साधी विभागणी शेतकऱ्यास समजावून सांगता येते.

वनौषधींच्या बाबतीत आपली जबाबदारी प्रत्यक्ष आहे. काढ्याची द्रव्ये उकळली जातात, परंतु स्वरस, कल्क व चूर्ण यांना तो संस्कार नाही. तुळस, ब्राह्मी, गुळवेल, कोरफड यांचा ओला वापर करणाऱ्यांनी त्या कोणत्या पाण्यावर वाढल्या, हे विचारलेच पाहिजे. मंडूकपर्णी व ब्राह्मी या तर स्वभावतःच पाणथळ जागी वाढणाऱ्या. जनपदोद्ध्वंसापूर्वीच, भूमी विरस होण्याआधी औषधी गोळा करून ठेवाव्यात, असा आत्रेयांचा आदेश आहे. देश व उदक दुष्ट झाले की औषधही हीनगुण होते, हा त्यामागील विचार येथे तंतोतंत लागू पडतो.

उगमस्थानी नियंत्रण आणि वैद्याचे कर्तव्य

शासकीय पातळीवर काही पावले पडली आहेत. एच-१ अनुसूचीखाली २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिनच्या वापरास बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाण्यासाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या निर्देशात मोठ्या नगरांच्या सांडपाण्यात प्रतिरोधाचे मापन समाविष्ट केले असून सूक्ष्म प्रदूषके काढण्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला आहे. ज्याने दूषित केले त्याने शुद्धीचा खर्च सोसावा, हे तत्त्व आपल्याकडेही यावयास हवे.

परंतु कायद्याची वाट पाहत असताना आपल्या हातात काय आहे? आपल्यांतील पुष्कळ जण मिश्र चिकित्सा करतात, हे उघड सत्य आहे. त्याची चर्चा आपण टाळतो. सर्दीच्या रुग्णास तीन दिवसांच्या अँझिथ्रोमायसिनच्या गोळ्या देणारा हात कित्येकदा आयुर्वेद पदवीधराचा असतो. रुग्ण लवकर बरा झाला पाहिजे, अन्यथा तो शेजारच्या दवाखान्यात जाईल, ही भीती आपण जाणतो. पण ती गोळी रुग्णाच्या शरीरातून गटारात, गटारातून केंद्रात व केंद्रातून कदाचित त्याच्याच शौचालयाच्या टाकीत परत येते. कोट्यवधी रुपयांची यंत्रे जे काढू शकत नाहीत, ते आपण एका चिठ्ठीने पाण्यात घालू नये. म्हणून पुढील नियम सुचवावेसे वाटतात.

१) साधा प्रतिश्याय, विषाणुजन्य कास व रक्त आणि तीव्र ज्वर नसलेला अतिसार यांत प्रतिजैविक देऊ नये. येथे लंघन, पाचन, उष्णोदक, अतिसारात जलसंजीवनी व यथोचित औषधे यांना पुरेसा वाव आहे.

२) उलटपक्षी जेथे प्रतिजैविक अपरिहार्य आहे, तेथे विलंब करू नये. कंपयुक्त तीव्र ज्वरासह मूत्रकृच्छ्र, श्वासाची गती वाढलेले बालक, संभ्रम वा रक्तदाब उतरलेला रुग्ण यांस तत्काळ योग्य ठिकाणी पाठविणे हेच वैद्याचे कर्तव्य होय. हट्टाने औषध नाकारणे हीदेखील प्रज्ञापराधाचीच दुसरी बाजू आहे.

३) ज्यांना कायद्याने प्रतिजैविक देण्याचा अधिकार आहे, त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातील पहिल्या, म्हणजे सहज उपलब्ध असावयाच्या गटातील औषध निवडावे. पुनःपुन्हा होणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गात आधी मूत्राचे कल्चर करावे.

४) उरलेल्या वा मुदत संपलेल्या गोळ्या शौचालयात वा मोरीत टाकू नयेत. चिकित्सालयातील अशा गोळ्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत द्याव्यात. केरळने २०२५ मध्ये कोझिकोड येथे घरोघरची न वापरलेली औषधे गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला. आपल्या शाखांनी स्थानिक औषधविक्रेत्यांच्या साहाय्याने तसे करून पाहावे.

५) पंचकर्म केंद्र व आंतररुग्ण विभाग असणाऱ्यांनी जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ अन्वये द्रवकचऱ्याची प्रक्रिया करावी. दहांहून कमी खाटांच्या रुग्णालयांनाही ३१ डिसेंबर २०१९ पासून मानकांचे पालन बंधनकारक आहे. रसशाळेचे धातुयुक्त धुवण वेगळे साठवावे.

६) वनस्पतिज द्रव्यांना प्रतिरोध होतच नाही, असा प्रचार करू नये. दारुहरिद्रेतील बर्बेरिन स्टॅफिलोकोकस जिवाणू आपल्या पंपाने बाहेर फेकतो. त्याच कुळातील काही वनस्पतींत या पंपास अटकाव करणारे दुसरे द्रव्य असते, असे २००० साली आढळले. संपूर्ण द्रव्याच्या वापरामागील युक्ती समजून घेण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे; परंतु त्यावरून चिकित्सेतील यशाचा दावा करणे घाईचे होईल.

मापनाची एक सुलभ योजना

ज्याचे मापन नाही त्याचे नियंत्रण होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मनुष्य, अन्नसाखळी व पर्यावरण या तिन्हींसाठी एकच दर्शक सुचविला आहे. व्यापक बीटालॅक्टमेज निर्माण करणारा, म्हणजे तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिनांना न जुमानणारा ई. कोलाय, हा तो दर्शक. पद्धत अवघड नाही. पाण्याचा एकच नमुना दोन माध्यमांवर वाढवावयाचा, एक साधे व दुसरे सेफोटॅक्सिमयुक्त. दुसऱ्यावर वाढलेल्या वसाहतींस पहिल्यावरील वसाहतींनी भागले असता प्रतिरोधाचा अंश कळतो. कच्चे सांडपाणी, केंद्रातून बाहेर पडणारे पाणी व शेवटच्या मजल्यावरील नळ अशा तीन ठिकाणचे नमुने घेतल्यास दोष कोठे घटतो व कोठे पुन्हा वाढतो, याचे चित्र स्पष्ट होते. सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा असणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयास हे शक्य आहे. स्वस्थवृत्त विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हा एक उपयुक्त प्रबंधविषय ठरेल.

उपसंहार

पुनर्वापराचे जल ही काळाची गरज आहे व ती वाढतच जाणार. त्यातील प्रतिरोधाचे नियंत्रण तीन ठिकाणी करावे लागते. उगमाशी औषधांचे, धातूंचे व कारखान्यांच्या स्रावांचे वर्जन. केंद्रात अनेक अडथळ्यांची अखंड मालिका. आणि वाहिनीत क्लोरीनचा टिकणारा अंश व स्वच्छता. यांपैकी मधला भाग अभियंत्यांचा आहे. शेवटच्या भागात आपण जागरूक नागरिक म्हणून सहभागी होऊ शकतो. पहिला भाग मात्र आपला स्वतःचा आहे व तेथे कोणी दुसरा येऊन आपले काम करणार नाही.

जनपदोद्ध्वंसाचे मूळ आत्रेयांनी अखेरीस प्रज्ञापराधात पाहिले. अनावश्यक चिठ्ठी लिहिताना बुद्धीस जे ठाऊक असते ते धृती करू देत नाही, हा त्याचाच दैनंदिन नमुना होय. प्रत्येक वैद्याने एक महिना आपल्या चिकित्सालयात किती रुग्णांस प्रतिजैविक दिले व त्यांपैकी किती जणांस ते खरोखर आवश्यक होते, याची प्रामाणिक नोंद ठेवून पाहावी. ती नोंद इतरांस दाखविण्याची गरज नाही. स्वतःने वाचली तरी पुढील महिन्यातील चिठ्ठ्या बदलतील आणि तेवढ्याने आपल्या नगराच्या पाण्यातील एक दोष उगमाशीच कमी होईल.